कोकणातल्या घरात पुन्हा चूल मांडताना

देवगडच्या आमच्या घरी मी हौसेनं बांधून घेतलेली पहिली चूल तीन दिवस टिकली. गवंड्यानं जांभ्याचे चार चिरे लावले, वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला, दर्शनी भागाला उरलेल्या टाइलचे तुकडे चिकटवले. फोटोत फार छान दिसत होती. तिसऱ्या दिवशी वड्यांसाठी तेल तापत ठेवलं आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. गिलाव्याचं तळहाताएवढं ढलपं उडून मोरीत जाऊन पडलं. कढईत पडलं नाही हे नशीब. आवाज ऐकून शेजारची काकी मागील दारानं आत आली, ते ढलपं उचलून बघितलं आणि म्हणाली, "चुलीक कोण शिमिट लावता रे?" मग तिनं मान वर केली. छपराखाली आम्ही नवंकोरं पीव्हीसीचं सीलिंग मारून घेतलं होतं आणि चुलीच्या बरोबर वर त्याच्यावर काळा ढग उमटला होता. "आणि धूर जातलो खंय? कौलां झाकून ठेवलंस ना!"

तिचे हे दोन प्रश्न, म्हणजे चूल कशाची बांधायची आणि धूर कुठून जाणार, सुटले की बाकीचं काम सोपं असतं. बहुतेक लोक पहिल्यापासून सुरुवात करतात. मी दुसऱ्यापासून करायला सांगेन, कारण चूल मोडून परत बांधता येते, छप्पर दरवेळी उघडता येत नाही.

पण त्याच्याही आधी चूल हवी कशाला ते स्वतःशी ठरवा. गॅस घरात आहेच. तेव्हा चुलीवर रोज दोन वेळचा स्वयंपाक होणार आहे, की गणपतीत आणि मे महिन्यात माणसं जमली की वडे, घावणे आणि उकड्या तांदळाची पेज, एवढ्यापुरतीच ती पेटणार आहे? की अंघोळीच्या पाण्यासाठी न्हाणीघरात पाणचूल हवी आहे? रोजच्या चुलीला धुराडं पाहिजेच. सणासुदीच्या चुलीला मागच्या पडवीतली उघडी जागा पुरते आणि पन्नास टक्के कटकट तिथेच संपते. पाणचूल शक्यतो न्हाणीच्या भिंतीबाहेर तोंड करून बांधा, म्हणजे जाळ बाहेरून आणि हंडा आत. जुन्या घरांत ती तशी असायची, ते उगीच नाही.

एक चौथा प्रकार आहे. होमस्टे काढणारे काही जण हल्ली "इंग्रजी फायरप्लेस" मागतात, भिंतीत कमान, वर फळी, पुढे दोन खुर्च्या. दापोलीला थंडीत चार रात्री त्याचा उपयोग होईलही. मालवण-वेंगुर्ल्याला मात्र त्याच्यासमोर बसून घाम पुसत राहावं लागेल. तरीही बांधायचीच असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा: उघड्या तोंडाचं जेवढं क्षेत्रफळ, त्याच्या साधारण एक दशांश तरी धुराड्याच्या आतल्या पोकळीचं हवं. तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच तोंडाला चार इंची पाइप लावला तर सगळा धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जाणार. पुढचं सगळं मी आपल्या चुलीबद्दल लिहितोय, पण छपराचे नियम दोघांनाही सारखेच आहेत.

पहिली पायरी: वर बघा

जुन्या कौलारू घरात धुराडं नसायचं, तरी माणसं गुदमरत नसत. स्वयंपाकघराला माळा नसे किंवा अर्धाच असे. चुलीतून निघालेला गरम धूर सरळ आढ्यापर्यंत चढायचा आणि कौलांच्या फटींतून गाळल्यासारखा बाहेर पडायचा. पहाटे गावात शिरताना घरांच्या छपरांवर जो निळसर पदर दिसायचा तो हाच. नळीच्या कौलांतून तो निघायचा आणि पुढे मंगलोरी कौलं आली तरी निघत राहिला. (मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कारखाना काढला, तिथून ही कौलं गलबतांनी सगळ्या किनाऱ्याला पोचली. जुनं छप्पर उतरवताना कौलाच्या पाठीवरचा ठसा वाचायला विसरू नका.) त्या धुराचा घराला फायदाही होता. वासे आणि रिपा काळ्याकुळकुळीत होत, आणि अशा लाकडाला भुंगा आणि वाळवी सहसा शिवत नाही. गॅस आल्यावर छपराचं लाकूड लवकर पोखरायला लागलं, असं आमच्याकडचे सुतार सांगतात.

आपण घर नीट करतो म्हणजे काय करतो? कौलांखाली पत्रा घालतो, म्हणजे गळती थांबते. सीलिंग मारतो, म्हणजे कचरा आणि उंदीर पडत नाहीत. काचेच्या सरकत्या खिडक्या बसवतो. एकेक गोष्ट शहाणपणाचीच आहे. पण तिन्ही मिळून धुराची वाट बंद होते, आणि मग आजीची चूल धूर करत नव्हती, तुझीच का करते, असा प्रश्न पडतो. चूल तीच आहे, घर बदललंय.

म्हणून स्वयंपाकघरात उभे राहा आणि वर पाहा. उघडी कौलं असतील तर चुलीच्या वर कौलांची एक ओळ उचलून तिथे झापड केलं किंवा दोन धुराची कौलं बसवली तरी सणासुदीची चूल चालेल. खाली पत्रा किंवा सीलिंग असेल तर धुराडं घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका. एक्झॉस्ट फॅन लावू, भागेल, असं कुणीतरी सांगेल. त्याचं ऐकू नका. बंद खोलीत पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते आणि सगळ्यात सोपी वाट असते धुराड्याची. म्हणजे जो धूर वर जात होता तोच पंखा खाली ओढून घेतो. चूल पेटलेली असताना पंखा बंद आणि एक खिडकी उघडी, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

वाऱ्याची गोष्ट इथेच सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा येतो नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून, तोही झोडपणारा. उरलेल्या महिन्यांत दुपारी समुद्रावरून जमिनीकडे आणि रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. चुलीचं तोंड किंवा धुराची झडप पश्चिमेच्या भिंतीला ठेवली तर पावसाळाभर वारा धूर आत ढकलणार. जुन्या माणसांनी चूल आग्नेय कोपऱ्यात ठेवली, ती अग्नीची दिशा म्हणून ठेवली हे खरंच. पण कोकणात तो कोपरा पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला पडतो, हेही खरं. कुणाचं कारण घ्यायचं ते तुम्ही ठरवा, कोपरा एकच येतो.

दुसरी पायरी: जुनी चूल काढताना

जुनी चूल पडकी असली तरी पहारीनं फोडून परसात फेकू नका. आधी मोजून घ्या: तोंडाची रुंदी, आतली खोली, वैल (म्हणजे मागचं किंवा बाजूचं दुसरं, कमी आचेचं तोंड) मुख्य चुलीपासून किती अंतरावर आहे. ज्या बाईनं ती घातली तिनं घरातली भांडी समोर ठेवून घातली होती. ती तपेली अजून माळ्यावर असतील तर मापं फुकट मिळाली समजा. मग माती फोडून वेगळी ठेवा. वर्षानुवर्षं भाजलेली ही माती कुटून, चाळून नव्या मातीत मिसळली की नवी चूल कमी आकसते आणि तडे कमी जातात. कुंभारही खापराचा चुरा मातीत घालतात तो याचसाठी.

छपरातून जुना करडा सिमेंटचा पाइप गेलेला दिसला तर सावध व्हा. एके काळी बिनधुराच्या चुलींना ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप सर्रास लावले जायचे. असा पाइप करवतीनं कापायचा नाही, फोडायचा नाही, भोकं पाडायची नाहीत. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही. पाण्यानं भिजवून अख्खाच्या अख्खा उतरवा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला करा.

तिसरी पायरी: माती

आता काकीचा पहिला प्रश्न. सिमेंट का नको? चुलीच्या आत जाळाचं तापमान सहज 700-800 अंशांवर जातं. घट्ट झालेल्या सिमेंटमधलं पाणी त्याच्या अर्ध्या वाटेवरच सुटायला लागतं, वाळूतले गारेचे कण 573 अंशांना एकदम फुगतात, आणि गिलावा ढलप्या टाकतो. ओला असेल तर फुटतो. नदीतले गुळगुळीत गोटेही तसेच: पोटात पाणी अडकलं असेल तर त्याची वाफ होऊन गोटा फटकन फुटतो. तीन दगड मांडून चूल करायची तर कोरड्या जागचे, ओबडधोबड दगड घ्या.

जांभ्याचं काय? कोकणात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चिराच असतं, पण इथे थोडं थांबा. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम जी रूपं घेऊन असतात त्यांत पाणी बांधलेलं असतं, आणि साधारण 250 ते 350 अंशांच्या दरम्यान ते निघून जातं. दगड गडद लाल होतो आणि हळूहळू भुगा होऊन झडायला लागतो. म्हणून चिरा बाहेरच्या अंगाला, ओट्याला, धुराड्याच्या बाहेरच्या कवचाला लावा. जाळ जिथे चाटतो तिथे मात्र माती किंवा अग्निविटा. अग्निविटा 9 × 4.5 × 3 इंचांच्या मिळतात आणि त्यांच्या सांध्यात फायर क्लेच भरायचा, तोही अगदी पातळ. रोजची चूल असेल तर मी आत विटा आणि वर मातीचं लिंपण असंच सांगेन. सणाची असेल तर नुसती माती पुरते.

माती कुठली? सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, लाल माती बहुतेक ठिकाणी खडेदार आणि भुसभुशीत असते, ती एकटी चालत नाही. शेताच्या बांधाची किंवा तळ्याच्या काठची चिकण माती हवी. वारुळाची मिळाली तर उत्तम, कारण वाळवीनं ती आधीच बारीक करून चिकटवलेली असते. फक्त वारूळ मोकळं, पडकं झालेलं घ्या. जिवंत वारुळाला हात लावायला गावात कुणी देणार नाही आणि आत कोण बसलाय तेही आपल्याला ठाऊक नसतं.

माझ्या दुसऱ्या चुलीचं मिश्रण असं होतं: चार घमेली चाळलेली वारुळाची माती, एक घमेलं कुटलेली जुनी चूल, एक घमेलं खाडीपासून लांबची ओढ्याची वाळू, अर्धं घमेलं भाताचं तूस, अर्धं घमेलं ताजं शेण. किनाऱ्यावरची वाळू घेऊ नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात चूल घाम फुटल्यासारखी पाझरते. सगळं कालवून पाणी घालून तीन दिवस गोणपाटाखाली मुरू द्यायचं, रोज एकदा पायानं तुडवायचं. पहिल्या दिवशी वास येतो, तिसऱ्या दिवशी वास बदलतो आणि माती लोण्यासारखी हाताला लागते.

तयार झाली की नाही ते काकीनं मला असं दाखवलं. लिंबाएवढा गोळा घेतला, तळहातावर वळून बोटाएवढी वळी केली आणि ती अंगठ्याभोवती वाकवली. वळी वाकताच चिरली. "ऱ्हेव (वाळू) जास्त झाली," असं म्हणून तिनं दोन ओंजळी माती आणखी घातली, परत तुडवायला लावलं. दुसरी वळी अंगठीसारखी वळली, पण तिचा हात काळपट चिकट झाला. मग थोडं तूस. तिसरी वळी वळली, हाताला फारशी चिकटली नाही, बाहेरच्या अंगाला केसाएवढी एकच रेघ आली. "होयती झाली." म्हणजे हवी तशी झाली. मी ते प्रमाण वर लिहिलंय खरं, पण तुमची माती वेगळी असणार. वळी करून बघा, घमेली मोजत बसू नका.

चौथी पायरी: ओटा आणि चूल

इथे शहरातून आलेल्यांची हमखास एक चूक होते. ओटा गॅसच्या ओट्याच्या उंचीचा, म्हणजे 32 इंचांचा बांधतात, वर दहा इंचांची चूल, वर तपेलं. मग भात ढवळायला स्टूल लागतं. उभ्यानं रांधायचं असेल तर चुलीखालचा ओटा 18 ते 20 इंचच ठेवा. म्हणजे भांड्याचं बूड कमरेपाशी येतं. पाटावर बसून रांधणारं कुणी घरात असेल तर जमिनीवरच चूल घाला, तिच्यावरच्यासारखी भाकरी उभ्यानं होत नाही.

चूल ग्रॅनाइट, कडप्पा किंवा फरशीवर थेट बसवू नका, उष्णतेनं तडकतात. खाली चाळलेल्या राखेचा दोन-तीन इंचांचा थर द्या, त्यावर आडव्या विटा, मग चूल. राख उष्णता खाली जाऊ देत नाही, आणि फुकट आहे.

धुराड्याच्या दोन भांड्यांच्या चुलीची माझी मापं देतो. लाकूड घालायचं तोंड 7 इंच रुंद, 6 इंच उंच. आत जाळापासून भांड्याच्या बुडापर्यंत 8 इंच. पहिलं भोक 9 इंच व्यासाचं, वैलाचं 7 इंच. दोघांमध्ये 4 इंच रुंदीचा बोगदा, चुलीकडून वैलाकडे चढत जाणारा. वैलाच्या खाली जमीन उचललेली, म्हणजे ज्वाळा भांड्याच्या बुडाला घासूनच पुढे जाते. वैलाच्या मागे धुराड्याचं भोक 4 इंच. साध्या चुलीला वरती तीन उंचवटे ठेवतात, भांडं त्यांवर बसतं आणि फटीतून धूर निघतो. धुराड्याच्या चुलीला ही फट नकोच. भांडं भोकात चपखल बसलं पाहिजे, नाहीतर धूर धुराड्याकडे न जाता तुमच्याकडे येईल. लहान भांड्यासाठी बिडाची एक कडी करून ठेवा. आणि वैलावर काही शिजत नसलं तरी पाण्याचं भांडं ठेवायचंच, ते भोक उघडं राहिलं की चूल ओढत नाही.

ही रचना माझी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल, पुढे सरकारी सुधारित चुलींचे नमुने, पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेची दोन भांड्यांची लक्ष्मी चूल, सगळ्यांची कल्पना हीच: ज्वाळेला वाट दाखवायची आणि धूर पाइपात घालायचा. स्वतः हातानं घालायची नसेल तर साच्यातली तयार चूल आणून ओट्यावर बसवून घेता येते.

तळाला बिडाची जाळी टाका. लाकूड तिच्यावर, राख खाली, हवा खालून. एवढ्या एका बदलानं फुंकणीचा वापर बराच कमी होतो.

पाचवी पायरी: धुराडं

पाइप कशाचा, हा किनाऱ्यावर सगळ्यात महाग प्रश्न. साधा लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतो, गॅल्वनाइज्ड दोन-चार वर्षं ओढतो. स्टेनलेस स्टीलमध्ये 304 बरं, 316 खाऱ्या हवेसाठी चांगलं, पण खिसा बघून घ्या. घराच्या आतला भाग विटांचा बांधून फक्त छपराबाहेरचा तुकडा स्टेनलेस घेतला तर खर्च आटोक्यात येतो. भाजलेल्या मातीचे नळ मिळाले तर तेही चालतात, सांधा मातीनंच भरायचा. आणि प्लंबरनं उरलेला पीव्हीसीचा पाइप पुढे केला तर नम्रपणे नको म्हणा. तो 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि जळाला तर विषारी धूर सोडतो. माझ्या ओळखीच्या एका घरी तो वाकून हत्तीच्या सोंडेसारखा खाली आला होता.

उंची: जिथे छपरातून बाहेर पडतो तिथून किमान 3 फूट वर, आणि आजूबाजूच्या 10 फुटांत जे काही असेल, मग ते आढं असो की पाण्याची टाकी, त्याहून 2 फूट उंच. कमी ठेवला तर वारा आढ्यावरून उलटून पाइपात शिरतो. शक्यतो आढ्याजवळून बाहेर काढा. उतारावर खाली काढला तर पाइप फारच लांब लागतो आणि वादळी वाऱ्यात डोलतो. तीन बाजूंनी तारेचे ताण द्या.

लाकडापासून अंतर: एकेरी पत्र्याचा पाइप वासे-रिपांपासून 18 इंच लांब. कोकणात वाशांमध्ये एवढी जागा नसते, म्हणून छपरातून जाताना पाइपाभोवती पत्र्याची दुहेरी चौकट करून मध्ये रॉकवूल भरून घ्या, आणि गरज पडली तर रीप कापून बाजूला आडवी रीप द्या. हे सुताराकडूनच करून घ्या, तिथे हौस नको. माळ्यावर पेंढा, नारळाची सोडणं, जुनी वर्तमानपत्रं असतील तर पाइपाच्या आसपासचा सगळा पसारा हलवा. आमच्याकडे तिथे चाळीस वर्षांच्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता.

गळती: पाइपाच्या जागी कौल काढून पत्र्याचा थाळा बसवतात. थाळ्याची वरची कड वरच्या कौलाखाली गेली पाहिजे आणि खालची कड खालच्या कौलाच्या वर. उलटं झालं तर प्रत्येक पावसाचं पाणी थेट चुलीत. माझ्याकडे उलटंच झालं होतं, आणि ते कळलं मृगाच्या पहिल्या सरीला. डोक्यावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची टोपी घ्या. तिच्यात पाऊसही शिरत नाही आणि झोडपणारा वाराही धूर खाली लोटत नाही. तोंडाला जाळी लावा, नाहीतर साळुंक्या घरटं करतात.

चूल अजून ओली असतानाच एक परीक्षा करा. दारं-खिडक्या लावा, चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर पाइप काम करतोय. बाहेर आला तर चूल सुकण्याआधीच बोगदा किंवा पाइप दुरुस्त करता येतो.

सुकवणं

दिवाळी ते होळी हा काळ. भाद्रपदात घातलेली चूल सुकत नाही, नुसती बुरशी धरते. सावलीत, पंख्याशिवाय, दोन-तीन आठवडे. तडे जातील, जाऊ द्या. त्याच मातीचा पातळ गारा करून बोटानं भरा, दुसऱ्या दिवशी परत भरा, मग शेणाचं पोतेरं. पहिले तीन-चार दिवस फक्त झावळीचा आणि काटक्यांचा हलका जाळ, पंधरा मिनिटं, मग विझवून थंड होऊ द्यायची. आत अडकलेलं पाणी सावकाश निघालं पाहिजे. त्यानंतर मुहूर्त काढून, हळदकुंकू लावून दूध उतू घालवा. आमचं दूध उतू गेलं ते थेट वैलाच्या भोकात, आणि करपलेल्या दुधाचा वास दोन दिवस घरात राहिला. सगळे म्हणाले, शुभ आहे.

जळण

अर्ध्या तक्रारी चुलीच्या नसतात, ओल्या लाकडाच्या असतात. चाकरमानी गणपतीला येतात, घर आठ महिने बंद, अंगणातलं भिजलेलं लाकूड चुलीत घालतात आणि मग बांधणाऱ्याला शिव्या. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. नीट सुकलेल्या लाकडात पाणी 20 टक्क्यांच्या खाली असतं. दोन ओंडके एकमेकांवर आपटा: टणक खणखणीत आवाज आला तर कोरडं, मंद धप्प आवाज आला तर ओलं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत तांदूळ, मिरची, सुकटीबरोबर लाकडाची बेगमीही येते. मे महिन्यात फोडून मांगरात (बाहेरच्या खोपीत) किंवा पडवीत जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सोडून रचा.

सुरूचं लाकूड उत्तम जळतं. खैर आणि ऐनाचे निखारे टिकतात. आंब्याच्या वाळक्या फांद्या बऱ्या. करवंट्या मोठी आच देतात, घावण्याचा बिडाचा तवा तापवायला त्यांच्यासारखं काही नाही. सोडणं धुमसतात, धूर करतात, ती पाणचुलीला. झावळ्या फक्त पेटवणीला. काजूची टरफलं अजिबात नको: त्यांतल्या तेलानं कातडीला फोड येतात, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला बोचतो. प्लायवूड, रंगवलेली फळी, सनमायका, मेलेल्या होडीच्या डांबर लावलेल्या फळ्या, यांतलं काहीच स्वयंपाकाच्या चुलीत घालू नका. अंगणातला उभा आंबा किंवा फणस तोडून जळण करायचा विचार असेल तर आधी वनविभागाची परवानगी. स्वतःच्या जमिनीतला असला तरी.

पावसाळ्यात सकाळी चूल पेटताना पहिली पाच मिनिटं धूर घरात येतो, कारण पाइपातली हवा थंड आणि जड असते. वैलाच्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा पेटवून टाका, पाइप तापला की ओढ सुरू होते. मग मुख्य चूल पेटवा.

घरातल्या माणसांसाठी

सिलिंडर आणि चूल एका ओट्याखाली नकोत. गॅसचा ओटा दुसऱ्या भिंतीला, मध्ये दार असेल तर अधिकच बरं. रबरी नळी चुलीच्या आचेच्या टप्प्यात येता कामा नये. भाड्यानं खोल्या देत असाल तर पाहुण्यांना चूल पेटवून द्या, पण रॉकेल-पेट्रोलची बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

आणि निखाऱ्यांचं. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडीत निखारे ठेवायची, ओवा-शेपाची धुरी द्यायची पद्धत आपल्याकडे आहे. पूर्वीच्या खोलीला कौलं होती, गजांची खिडकी होती. आता त्याच खोलीत काचेची खिडकी घट्ट लावलेली असते, कधी एसी असतो. निखारे धूर करत नाहीत म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण ते कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. शेक द्यायचाच तर दार-खिडकी उघडी ठेवून, कुणीतरी जागं असताना, आणि काम झालं की शेगडी बाहेर. आमच्या घरी यावर आजीशी वाद झाला. खिडकी उघडी राहिली, शेगडीही राहिली.

वर्षाचं काम

मे महिन्यात टोपी उतरवून पाइप झाडायचा. बांबूच्या टोकाला गोणपाटाचा बोळा बांधून वरून खाली फिरवा, खाली चुलीची दोन्ही भोकं ओल्या पोत्यानं बंद करा. ओलं लाकूड जाळलं असेल तर काजळीऐवजी डांबरासारखा चकाकणारा थर मिळेल, तो पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचा. तो थर साचून एक दिवस पाइपातच पेट घेतो, आणि ती आग छपरापाशीच असते. त्याच दिवशी टोपीचा पत्रा, ताणाच्या तारा, थाळ्याची कड बघून घ्या. गणपतीच्या आधी आठवडाभर परत एकदा उदबत्तीची परीक्षा.

राख काढली की लगेच झाडाला घालू नका. पत्र्याच्या डब्यात झाकण लावून दोन दिवस ठेवा, आत निखारा लपलेला असतो. मग ती माडाच्या आळ्यात. काकी दर बुधवारी आमच्या मागील दाराशी तिचा डबा घेऊन येते. आमच्या चुलीची अर्धी राख तिच्या माडांना जाते, आणि ती म्हणते की माती कालवायची मजुरी अजून फिटलेली नाही.